दहा नंबरला धरायचं कुणी? सेंट्रल अटॅकिंग मिडफिल्डरसाठी आणि त्याच्या कोचसाठी सविस्तर मार्गदर्शक

२५ मे २००५. इस्तंबूलच्या अतातुर्क स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगची फायनल. मध्यंतराला एसी मिलान ३, लिव्हरपूल ०. लोकांच्या लक्षात राहिलं ते पुढचं. दुसऱ्या हाफमध्ये लिव्हरपूलने सहा मिनिटांत तिन्ही गोल फेडले आणि पेनल्टी शूटआऊटवर कप नेला. पण सेंट्रल अटॅकिंग मिडफिल्डर, म्हणजे मैदानावरच्या भाषेत ‘दहा नंबर’, काय करतो आणि त्याला कसं बंद करतात हे शिकायचं असेल, तर या एका मॅचचे दोन हाफ पुरेसे आहेत.

मिलान डायमंडमध्ये, म्हणजे मिडफिल्डचे चौघं हिऱ्याच्या आकारात ठेवून, खेळत होतं. मिडफिल्डच्या तळाला पिर्लो, बाजूंना गॅटुसो आणि सीडॉर्फ, टोकाला ब्राझीलचा काका आणि त्याच्या पुढे शेवचेन्को आणि क्रेस्पो. समोर लिव्हरपूलच्या मधल्या फळीत झाबी अलोन्सो आणि जेरार्ड असे दोघंच. आता काकाला धरायचं कुणी? अलोन्सो त्याच्याकडे गेला की मिलानचा दुसरा मिडफिल्डर मोकळा. सेंटर बॅक, म्हणजे मधला डिफेन्डर, हुपिया पुढे आला तर त्याच्या पाठीमागची जागा शेवचेन्को आणि क्रेस्पोला आंदण. कुणीच गेलं नाही तर काका वळणार आणि बॉल घेऊन थेट बॅकलाइनवर, म्हणजे डिफेन्डरांच्या फळीवर, चालून येणार. लिव्हरपूलकडे ४५ मिनिटं याचं उत्तर नव्हतं.

दहा नंबरचं सगळं काम या एका प्रश्नात आहे. समोरच्या टीममधल्या दोघांना ‘हा माझा की तुझा?’ असं एकमेकांकडे बघायला लावायचं. ड्रिबलिंग, नजाकतीचे पास, फ्री किक हे त्यानंतरचं. आपल्याकडे उलटं होतं. टीममधला सगळ्यात कलाकार पोरगा दहा नंबर होतो, आणि त्याला जागेबद्दल कुणी काही सांगतच नाही. म्हणून सुरुवात जागेपासून.

पायरी १ : उभं कुठे राहायचं

समोरच्या टीमची बॅकलाइन ही एक रेघ समजा, त्यांची मिडफिल्ड ही दुसरी. या दोन रेघांमधला पट्टा तुमचा. चांगल्या टीम तो दहा-बारा मीटरपर्यंत आवळून धरतात. स्थानिक लीगमध्ये शेवटच्या वीस मिनिटांत मिडफिल्डर दमले की तो पंचवीस मीटरचाही होतो. मॅच कधी फुटते हे ओळखायची ती एक चांगली खूण आहे.

पट्ट्यात असणं मात्र पुरेसं नाही. बॉल ज्याच्या पायात आहे तो आणि तुम्ही, यांच्यामध्ये सरळ रेषेत विरोधी मिडफिल्डर उभा असेल, तर तुम्ही पट्ट्यात असून नसल्यासारखे. पास द्यायला वाटच नाही. अशा वेळी लांब पळायचं नाही, दोन पावलं बाजूला सरकायचं. कसोटी सोपी आहे : पास देणाऱ्याला तुमचे दोन्ही बूट दिसले पाहिजेत. दुसरी कसोटी मागची. सेंटर बॅक दोन ढांगांत तुमच्यापर्यंत पोहोचत असेल, तर तुम्ही त्याच्या फार जवळ आहात.

आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर हटून बसू नका. तिथे समोरचा होल्डिंग मिडफिल्डर, म्हणजे बॅकलाइनसमोर राखण करणारा, ठाण मांडून असतो. मैदानाचे उभे पाच पट्टे कल्पा. कडेचे दोन विंगर आणि फुलबॅकचे (कडेच्या डिफेन्डरांचे), मधला गर्दीचा. उरलेले दुसरा आणि चौथा हे दहा नंबरचं खरं रान. तिथे तुम्ही फुलबॅक आणि सेंटर बॅक यांच्या मध्ये येता, आणि ‘माझा की तुझा’ त्या दोघांत सुरू होतं. शिवाय तिथून वळलात की गोल, स्ट्रायकर आणि पलीकडचा विंगर एका नजरेत येतात. टचलाइनजवळ ही सोय नाही. तिथे अर्धं मैदान तुमच्या पाठीला असतं. आर्सेनलचा मार्टिन ओडेगार्ड उजवीकडच्या याच पट्ट्यात घर केल्यासारखा असतो, आणि २०१७-१८ च्या मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओला यांनी केव्हिन डी ब्रॉयना आणि डेव्हिड सिल्व्हा यांना असेच दोन बाजूंचे पट्टे वाटून दिले होते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक : बॉल मिळत नाही म्हणून दर दोन मिनिटांनी खाली येऊन स्टॉपरच्या, म्हणजे सेंटर बॅकच्या, पायातून बॉल घेणं. प्रेक्षकांना वाटतं पोरगा किती राबतोय! प्रत्यक्षात त्याने समोरच्यांचं काम हलकं केलेलं असतं. सगळी विरोधी टीम त्याच्यासमोर, आणि पट्टा रिकामा. खाली यायचं ते एकाच हेतूने, आपला मार्कर, म्हणजे आपल्याला धरणारा विरोधी, ओढून आणण्यासाठी. तो मागोमाग आला तर त्याने सोडलेल्या जागेत दुसऱ्या कुणीतरी शिरलं पाहिजे. हे आधी ठरलेलं नसेल तर वरच थांबा.

पायरी २ : बॉल येण्याआधी मान फिरवणं

नॉर्वेचे संशोधक गेर योर्डेट यांनी वर्षानुवर्षं खेळाडूंच्या फक्त माना बघितल्या. बॉल येण्याआधी खेळाडू किती वेळा खांद्यावरून मागे बघतो हे मोजलं. जास्त बघणाऱ्यांचे पुढे जाणारे पास जास्त यशस्वी होतात असं त्यांना आढळलं. फ्रँक लॅम्पार्ड यात फार वरचा निघाला. कुणी त्याला जादूगार म्हटलं नव्हतं, पण त्याला प्रत्येक वेळी माहीत असायचं की मागे काय आहे.

प्रश्न असतो तो ‘कधी बघायचं’ याचा. पोरं ऐन पास निघताना मागे बघतात आणि बॉल पायाखालून जातो. नियम असा ठेवा : बॉल दोन सहकाऱ्यांच्या मध्ये जमिनीवर धावत असतो, तेव्हा बघायचं. त्या सेकंदभरात कुणीच काही करू शकत नसतं. सेंटर बॅककडून होल्डिंग मिडफिल्डरकडे बॉल निघाला, बघा. त्याने तो थांबवला, आता त्याच्याकडे बघा. त्याने तुमच्याकडे सोडला, एक शेवटची झटकन नजर मागे, मग डोळे बॉलवर.

बघायचं ते तीनच गोष्टींसाठी. सगळ्यात जवळचा विरोधी किती लांब आहे, आपला स्ट्रायकर कुठल्या खांद्यावरून पळायच्या तयारीत आहे, आणि पलीकडची बाजू मोकळी आहे का. मान नुसती हलवून काही होत नाही. म्हणून सरावात कोचने पोराच्या पाठीमागे उभं राहून बोटं दाखवावीत, आणि बॉलला पाय लागायच्या आत त्याने आकडा ओरडून सांगावा. आकडा चुकला तर पास कितीही सुंदर असो, पुन्हा.

पायरी ३ : बॉल घेणं

छाती पास देणाऱ्याकडे सरळ करून उभं राहिलात तर बॉल आल्यावर दोनच गोष्टी करता येतात : परत देणं किंवा पाठीवर माणूस घेऊन झगडणं. त्याऐवजी अंग तिरकं ठेवा. एक खांदा बॉलकडे, दुसरा विरोधी गोलकडे. बॉल जवळच्या पायासमोरून जाऊ द्या आणि लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्या. पहिल्या टचलाच तुम्ही अर्धे वळलेले असता. दोन टच वाचतात, आणि एवढ्यात मार्कर एक मीटर मागे पडतो.

पण प्रत्येक वेळी वळायचं नसतं. मार्करचा श्वास मानेवर असेल तर बॉल एका टचमध्ये मागे लावून द्या आणि लगेच जागा बदला. मार्कर क्षणभर बॉलकडे बघतो, तुम्ही त्याच्या मागे. हा निर्णय दहा नंबरने एकट्याने घ्यायचा नाही, पास देणाऱ्याने आवाज द्यायचा. ‘वळ!’ किंवा ‘मागे आहे!’ एवढंच. सगळ्या टीममध्ये हे दोनच शब्द ठरवून टाका. ‘अरे बघ बघ’ असं ओरडून कुणालाच काही कळत नाही.

मैदानाचंही भान ठेवा. उन्हाळ्यात कडक झालेल्या मातीवर बॉल उसळतो, तिथे तो अंगाजवळ आणू नका, पहिला टच थोडा पुढे काढा. पावसाळी चिखलात तो अडकतो, म्हणून जागेवर वाट न बघता बॉलला सामोरं जा. टीव्हीवर दिसणारा तो मऊ, पायाला चिकटणारा टच गुळगुळीत, पाणी मारलेल्या गवतावरचा असतो.

पायरी ४ : वळलात, आता काय

याला क्रम आहे. पहिली नजर बॅकलाइनच्या पाठीमागच्या पासकडे. तो नसेल तर बॉल घेऊन पुढे पळणं. तेही नसेल तर पलीकडच्या बाजूला बदल. काहीच नसेल तर मागे. बरेच जण दुसरं पाऊल गाळतात. समोर दहा मीटर मोकळे असतानाही लगेच पास देऊन टाकतात. कुणी अंगावर येत नाही तोवर पास देण्याचा फायदा नाही, कारण तुमच्या पासने कुणी हललेलं नसतं. सरळ डिफेन्डरवर चाल करून जा. तो बाहेर आला की त्याने सोडलेली जागा उघडते, तेव्हा पास.

इस्तंबूलचा तिसरा गोल ४४ व्या मिनिटाचा. यूट्यूबवर शोधा आणि थांबवत थांबवत बघा. पिर्लोकडून आलेला बॉल काका मैदानाच्या मध्याजवळ घेतो. जेरार्ड त्याच्यापर्यंत पोहोचतो, पण काका त्याच टचमध्ये वळलेला असतो आणि जेरार्ड त्याच्या पाठीकडे राहतो. पुढचा टच म्हणजे पास. जमिनीवरून, बाकदार, लिव्हरपूलच्या दोन सेंटर बॅकच्या मधून. कॅरागर घसरत पाय टाकतो, बॉल त्याच्या पुढून निसटतो. क्रेस्पो पळता पळता गोलकीपर डुडेकच्या अंगावरून तो अलगद उचलून टाकतो.

तीन गोष्टी टिपा. एक, वळणं आणि पास यांच्यात विचार करायला थांबलेला क्षण नाही. पास कुठे जाणार हे बॉल येण्याआधीच ठरलं होतं. दोन, क्रेस्पो पासची वाट बघत उभा नव्हता, काका वळतानाच निघाला होता. दहा नंबर आणि स्ट्रायकर यांनी सरावात एकत्र तासन्‌तास घालवायचे ते यासाठी. तीन, पासचा जोर. तो क्रेस्पोच्या पायात दिला असता तर त्याला थांबावं लागलं असतं. दिला पुढच्या जागेत, आणि असा की गोलकीपरला बाहेर यायला उशीर व्हावा. गल्ली सापडणारे पुष्कळ असतात, हा जोर फार थोड्यांना साधतो. तो शिकवायचा एकच मार्ग म्हणजे पूर्ण वेगात पळणाऱ्या माणसाला पास देत राहणं. उभ्या कोनांमधून पास काढण्याने तो येत नाही.

पायरी ५ : पाठीला माणूस लावला तर

१९८६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पश्चिम जर्मनीने मॅराडोनाच्या मागे लोथार मॅथॉयसला लावलं. मॅथॉयस स्वतः जर्मनीच्या उत्तम मिडफिल्डरांपैकी एक. मॅराडोनाने फायनलमध्ये गोल केला नाही. पण जर्मनीने २-२ केल्यानंतर, ८४ व्या मिनिटाला, मध्यरेषेजवळ भोवती जर्मन खेळाडूंचा घोळका असताना त्याने उसळता बॉल एका टचमध्ये पुढे सोडला, आणि त्याचा सहकारी बुरुचागा मोकळ्या मैदानात एकटा पळाला. घोळका मॅराडोनाकडे जमला म्हणूनच ते मैदान मोकळं होतं.

तुमच्यावर मार्कर लागला की तीन गोष्टी करून बघा. विंगकडे सरका आणि तो येतो का बघा. आला तर मध्यभाग उघडा पडला. समोरच्या सेंटर बॅकला जाऊन चिकटा, मार्करसकट. आता दोन विरोधी एका जागी अडकले आणि तुमच्या मिडफिल्डला एक माणूस जास्त झाला. किंवा होल्डिंग मिडफिल्डरशी जागा बदला, तो पुढे, तुम्ही मागे. दहा मिनिटं बॉलला पाय लागला नाही म्हणून चिडायचं नाही. मार्कर तुमच्या मागे फिरतोय तोवर तुमच्या टीमचा दुसरा कुणीतरी मोकळा आहे. कोचने बाहेरून ओरडून त्या मोकळ्या माणसाचं नाव सांगावं.

पायरी ६ : बॉल गेला की

जुन्या पठडीतल्या दहा नंबरची सुट्टी इथे व्हायची. अर्जेंटिनाचा रिकेल्मे हा त्या परंपरेतला बहुतेक शेवटचा मोठा. बॉल पायात असताना अख्खी मॅच त्याच्या चालीने चालायची, बॉल गेला की तो चालायचा. त्याच्यासाठी धावणारे दोन-तीन जण ठेवावे लागत. आज ही चैन फारशी कुणाला परवडत नाही. क्लॉप यांच्या लिव्हरपूलने तर बॉल गमावल्या क्षणी परत हिसकावणं हीच आपली प्लेमेकिंग करून टाकली.

तुमचं काम दोन भागांत. बॉल विरोधी सेंटर बॅककडे असेल तर त्याच्यावर सरळ रेषेत धावू नका. असे धावा की त्यांचा होल्डिंग मिडफिल्डर तुमच्या पाठीमागे झाकला जाईल. म्हणजे एक माणूस दोघांचं काम करतो. आणि बॉल तुमच्या आसपास गेला तर पाच सेकंद जीव तोडून मागे लागा. मिळाला नाही तर मागे फिरून होल्डिंग मिडफिल्डरच्या शेजारी या. ओडेगार्ड आर्सेनलचा पहिला हल्लेखोर आहे तो या अर्थानेही. प्रेस, म्हणजे बॉल हिसकावायला विरोधकांवर धावून जाणं, कधी सुरू करायचा हे बाकीचे त्याच्या हालचालीवरून ठरवतात.

पायरी ७ : कोचसाठी, याला बसवायचं कुठे

४-२-३-१ (मागून मोजलं तर चार डिफेन्डर, दोन मिडफिल्डर, त्यांच्यापुढे तिघं आणि एक स्ट्रायकर) ही सगळ्यात सुरक्षित सोय. मागे दोन मिडफिल्डर असल्यामुळे दहा नंबर चुकला तरी घर सांभाळलेलं असतं. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमधल्या दोन्ही टीम, स्पेन आणि नेदरलँड्स, याच धाटणीच्या होत्या. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) २०२०-२१ ची मुंबई सिटी. कोच सर्जिओ लोबेरा यांनी एफसी गोवाकडून आल्यावर अहमद जाहू आणि रावलिन बोर्जेस यांची जोडी मागे ठेवली आणि ह्यूगो बुमूसला त्यांच्या पुढे मोकळा सोडला. त्या मोसमात मुंबईने लीग शील्ड (साखळीत अव्वल राहणाऱ्या टीमला मिळणारी) आणि आयएसएल ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. बुमूसबद्दल बोलताना लोक जाहूला विसरतात. मागून पहिल्याच पासमध्ये रेघ फोडणारा कुणी नसेल तर पट्ट्यातला दहा नंबर नुसता हात वर करून उभा राहतो.

डायमंडमध्ये दहा नंबरला पुढे दोन स्ट्रायकर मिळतात, पण विंगा रिकाम्या राहतात. फुलबॅक दमदार असतील तरच हे करा. ४-३-३ मध्ये शुद्ध दहा नंबर उरतच नाही, त्याचं काम दोन आठ नंबर, म्हणजे होल्डिंग मिडफिल्डरच्या पुढचे दोघं मिडफिल्डर, वाटून घेतात. तुमचा पोरगा धावणारा असेल तर त्याला तिथे बसवा.

मला स्वतःला सध्या ३-४-२-१ सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. झाबी अलोन्सो यांच्या बायर लेव्हरकुसेनने २०२३-२४ मध्ये एकही मॅच न हरता बुंडेसलिगा जिंकली ती तशीच. दोन दहा नंबर, पैकी एक फ्लोरियन विर्ट्झ, दोन्ही आतल्या पट्ट्यांत. समोर दोन होल्डिंग मिडफिल्डर असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकेक डोकेदुखी. इस्तंबूलच्या रात्री काकाच्या मागे धावणाऱ्यांत हाच अलोन्सो होता.

पायरी ८ : समोरच्यांचा दहा नंबर बंद करायचा तर

इस्तंबूलच्या मध्यंतरात लिव्हरपूलचे कोच राफा बेनिटेझ यांनी राइट बॅक फिननला काढून डीटमार हामानला आणलं. मागे तीन डिफेन्डर, त्यांच्यासमोर हामान आणि अलोन्सो. हामान काकाच्या मागे मैदानभर पळत सुटला नाही. तो पट्ट्यातच, बॅकलाइनसमोर उभा राहिला. ‘धरायचं कुणी?’ याला आता एक नाव मिळालं.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. मागे हामान आल्यामुळे जेरार्ड पुढे सरकला आणि गार्सियाबरोबर पट्ट्यात शिरला. आता एकट्या पिर्लोच्या दोन्ही बाजूंना दोघं, आणि प्रश्न मिलानसमोर. ५४ व्या मिनिटाला जेरार्डचं हेडर. ६० व्या मिनिटाला बॉक्समध्ये धावत शिरलेल्या जेरार्डला गॅटुसोने पाडलं आणि पेनल्टी. मधला श्मिट्सरचा गोल मात्र लांबून मारलेला, त्याचं श्रेय कुठल्या रचनेला देऊ नये. गंमत म्हणजे जादा वेळेत मिलानच्या सर्जिन्योला थोपवायला तोच जेरार्ड राइट बॅकला जाऊन खेळला.

तुमच्या टीमपुरतं : दहा नंबरच्या मागे माणूस लावण्याआधी तो जिथे बॉल घेतो ती जागा भरा. आणि त्याच्यापर्यंत येणारा पास कुठून निघतो ते बघा. बरेचदा पास देणाऱ्यावर दडपण आणणं जास्त स्वस्त पडतं.

आठवड्याचा सराव

दहा खेळाडू असले तरी एक खेळ पुरतो. तीस मीटर लांब, वीस रुंद जागा, आडवे तीन पट्टे. टोकाच्या दोन पट्ट्यांत तुमचे तीन-तीन. मधल्या पट्ट्यात तुमचा दहा नंबर आणि दोन विरोधी. तिसरा विरोधी, बॉल ज्या टोकाला असेल तिथे जाऊन प्रेस करणारा. बॉल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा. सरळ पोहोचला तर एक गुण, दहा नंबरमार्फत गेला तर तीन. त्याला दोनच टच. विरोधकांनी बॉल जिंकून बाहेर काढला तर त्यांना दोन गुण. तीन मिनिटांनी दहा नंबर बदला. स्टॉपरलाही तिथे उभं करा, पट्ट्यात किती कमी वेळ मिळतो हे त्याला एकदा कळलं की तो पास वेळेवर आणि नेमक्या पायावर द्यायला लागतो.

पहिले दोन आठवडे मधल्या विरोधकांना बॉल हिसकावू देऊ नका, फक्त वाट अडवू द्या. मग पूर्ण टॅकल. त्यानंतर एका टोकाला गोल लावा आणि स्ट्रायकर जोडा, म्हणजे चौथी पायरी आपोआप येते.

मॅचच्या दिवशी बेंचवरच्या एकाला कागद-पेन द्या. गोल आणि असिस्ट तर स्कोअरशीटवर असतातच. त्याने दोन रकाने करावेत : दोन रेघांच्या मध्ये बॉल मिळून दहा नंबर गोलकडे वळला असं किती वेळा झालं, आणि तिथे मोकळा असूनही त्याला पास दिला गेला नाही असं किती वेळा झालं. दुसरा रकाना मोठा निघाला तर पुढच्या सरावात दहा नंबरला सोडा आणि सेंटर बॅकना बोलवा.